दाजींचा स्लाइस आणि तात्यांचा ऊस

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे मिस्टर. वय ५२, कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात लेथ-मिलिंगचं छोटं वर्कशॉप, पंचवीस-सव्वीस वर्षं मशीनपुढं उभं राहून काढलेली, त्यात स्वतःच्या हौसेसाठी म्हणून काही केलं असेल तर हे गोल्फ. पुण्यातल्या एका कस्टमरनं त्यांना एकदा कोर्सवर नेलं आणि तिथनं हे लागलं. दीड वर्ष झालं, महिन्यातनं एकदा पुण्याला जायचं, बाकी सराव इथंच. आणि डिसेंबरात मला फोन, "सोडून देतो बघ आता, बॉल काय सरळ जाईना, सगळे उजवीकडंच जातात." त्यांच्या आवाजातच मला कळलं की माणूस खरंच कंटाळलाय. मी पुण्यात नोकरीला होतो तेव्हा आठ-नऊ वर्षं खेळलोय, कोच वगैरे अजिबात नाही, पण स्लाइस, म्हणजे बॉल हवेत असा उजवीकडं वळायचा आजार, मलाही होता आणि तो जाताना काय काय झालं ते मला चांगलं आठवतं. म्हटलं दाजी, अजून दोन महिने द्या, मग सोडायचं तर सोडा.

जागा सांगतो कारण पुढं त्याचा संबंध येतो. वडणग्याकडं दाजी आणि त्यांच्या भावांचं मिळून सलग तीन एकर रान आहे, लांबट पट्टा. खोडव्याचा ऊस तुटून गेला होता, पाचट एका बाजूला ओढून कडेला एक तुकडा साफ केला होता, तिथं काथ्याचं पायपुसणं आणि रबरी टी (बॉल ठेवायचा खुंटा), ही आमची ड्रायव्हिंग रेंज, म्हणजे सरावाची जागा. डावीकडं विहीर आणि गोठा. उजवीकडं बांधापलीकडं शेजारच्या तात्यांचा उभा ऊस, डोक्याच्या वर गेलेला, आणि दाजींचे सगळे बॉल त्याच उसात. एकदा आत गेला की गेला, पाल्यानं अंग कापून घेत कोण शोधणार.

पहिल्या दिवशी मी एक शब्दही सल्ला दिला नाही. मागं उभा राहिलो, निशाणा म्हणून लांबवरचं नारळाचं झाड धरलं, आणि वहीत दोन रकाने केले: बॉल निघाला कुठं, आणि निघाल्यावर वळला कुठं. हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि स्लाइसवाला माणूस फक्त दुसऱ्याकडं बघतो, कारण नुकसान तिथं दिसतं. ड्रायव्हरचे, म्हणजे सगळ्यात लांब मारायच्या काठीचे (गोल्फच्या काठीला क्लब म्हणतात), २० बॉल मारले. १४ बॉल झाडाच्या थोडे डावीकडं निघाले आणि मग हवेत मोठ्ठा बाक घेऊन उसात. ४ सरळ निघून उसात. २ बरे गेले. मग ७ नंबर आयर्नचे, म्हणजे मधल्या अंतराच्या लोखंडी क्लबचे, १० मारायला लावले, तर त्यातले ६ डावीकडं निघाले आणि डावीकडंच सरळ जाऊन पडले, गोठ्याच्या अलीकडं! दाजी म्हणाले, "आयर्नचा आजार वेगळा आणि ड्रायव्हरचा वेगळा." मला उलटं वाटलं, आजार एकच असणार, लॉफ्ट (क्लबच्या तोंडाचा मागं कललेला कोन) बदलल्यामुळं तो दिसतोय वेगळा.

आता थोडं शास्त्र, कंटाळा न करता वाचा कारण सगळं इथंच आहे. कोल्हापुरात फुटबॉल कुणाला समजावायला नको, शाहू स्टेडियमवर फ्री किक घेणारा पोरगा बॉलला एका अंगानं घासून मारतो आणि बॉल भिंतीच्या बाहेरनं वळून आत येतो ते आपण लहानपणापासून बघतोय. गोल्फमध्ये तेच. क्लब ज्या दिशेनं चाललाय तो पाथ, आणि बॉलला लागताना क्लबचं तोंड जिकडं बघतंय तो फेस. दोन्ही एकाच दिशेला असतील तर बॉल सरळ. फेस पाथच्या उजवीकडं बघत असेल तर बॉल घासला जातो, त्याच्या फिरण्याचा आस तिरका होतो आणि बॉल उजवीकडं वळतो (हे उजव्या हातानं खेळणाऱ्याचं, डावऱ्यानं सगळं उलटं वाचायचं). लोक म्हणतात बॅकस्पिन (मागच्या बाजूला फिरणं) वेगळी आणि साइडस्पिन (आडवं फिरणं) वेगळी, तसं नसतं, फिरणं एकच असतं, फक्त ते कलतं.

आणि बॉल निघतो कुठं? जुन्या काळी शिकवायचे की पाथच्या दिशेनं निघतो आणि फेसच्या दिशेला वळतो. क्लब आणि बॉलची दिशा मोजणारी रडारवाली यंत्रं, लाँच मॉनिटर, आल्यावर ते चुकीचं निघालं. बॉल निघायची दिशा जास्त करून फेसच ठरवतो, ड्रायव्हरला साधारण ८५ टक्के. म्हणजे दाजींचे जे १४ बॉल डावीकडं निघाले त्यात फेस झाडाच्या हिशोबानं डावीकडं होता! तरी वळले उजवीकडं, कारण पाथ त्याच्याहून जास्त डावीकडं होता. "उघडा फेस" म्हणतात तो पाथच्या तुलनेत उघडा, झाडाच्या तुलनेत नव्हे. हे एक वाक्य दाजींना पटायला दोन संध्याकाळ गेल्या. शेवटी त्यांनी स्वतःच लेथच्या भाषेत सांगितलं, टूल कुठं सरकतंय ते वेगळं आणि टूलची धार कुठल्या कोनात बांधलीय ते वेगळं. मला ह्याहून चांगलं सांगता आलं नसतं.

आयर्नचं कोडंही ह्यातच सुटतं. ७ नंबरला लॉफ्ट जास्त, त्यामुळं बॅकस्पिन भरपूर, तेवढ्याच चुकीनं आस कमी कलतो, बॉल फार वळत नाही, पाथ आणि फेस दोन्ही डावीकडं म्हणून बॉल डावीकडं जाऊन पडतो. ड्रायव्हरला लॉफ्ट कमी, तीच चूक मोठी होऊन दिसते. आणि दाजींचा ड्रायव्हर ९ अंशांचा, सेकंडहँड घेतलेला, कुणीतरी सांगितलं होतं की कमी लॉफ्ट म्हणजे लांब जातो.

हे सगळं व्हायच्या आधी दाजींनी स्वतः तीन आठवडे एक प्रयोग केला होता, तो इथं लिहायलाच पाहिजे कारण तो बहुतेक सगळेच करतात. व्हिडिओ बघून त्यांनी पाथ सुधारायला घेतला, क्लब आतनं आणायचा, उजवं कोपर अंगाला चिकटवायचं वगैरे. सल्ला चुकीचा नव्हता. पण फेस पाथच्या तुलनेत होता तसाच उघडा ठेवून पाथ उजवीकडं नेला तर झाडाच्या हिशोबानं फेस अजूनच उजवीकडं जातो, मग बॉल निघतोच उजवीकडं आणि वळतोही उजवीकडं. त्या तीन आठवड्यांत सगळ्यात जास्त बॉल उसात गेले आणि माणूस खचला तो तिथंच. म्हणून माझं ठाम मत आहे की स्लाइसवाल्यानं आधी फेस धरायचा, पाथ नंतर. उलटं केलं तर योग्य दुरुस्तीसुद्धा चुकीची वाटते आणि माणूस ती टाकून देतो.

मग फेस उघडा का राहत होता? मी दाजींचा ग्लोव्ह मागितला. डाव्या हाताचा, पांढरा, घामानं पिवळा पडलेला, आणि तळव्याच्या खालच्या बाजूला, करंगळीच्या रेषेत मनगटाच्या जरा वर, रुपयाएवढं भोक. बाकी ग्लोव्ह ठणठणीत. त्या भोकानं सगळं सांगितलं, क्लब बोटांत नव्हता, तळव्यात आडवा पडला होता आणि दर स्विंगला तिथं घासत होता. मग म्हटलं नेहमीसारखा पकडा आणि खाली बघा, डाव्या हाताच्या, बोटांच्या मुळाशी असतात त्या, किती गाठी दिसतात? एक, दुसरी जेमतेम. अंगठा दांड्यावर बरोब्बर मधोमध. अहो ही तर बॅटची पकड! दाजी तरुणपणी टेनिस बॉल क्रिकेट खेळायचे, गल्लीतल्या स्पर्धा गाजवलेल्या, वरच्या हाताची पाठ मिडऑफकडं, अंगठा आणि तर्जनीमधे होणारे हातांचे दोन्ही V बॅटच्या पाठीच्या रेषेत. क्रिकेटला ते बरोबर, तिथं बॅटचं तोंड बराच वेळ सरळ ठेवायचं असतं. गोल्फमध्ये क्लब मागं जाताना उघडतो आणि येताना मिटावा लागतो, आणि तळव्यातल्या पकडीत मनगट अडकतं, मिटायला वेळच मिळत नाही. बॉल आणि फेस एकमेकाला चिकटलेले असतात ते सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या निम्मं, तिथं पोचल्यावर काही करता येत नाही, जे करायचं ते पकडतानाच.

तर साखळी अशी होती: पकडीमुळं फेस उघडा, म्हणून बॉल उसात, म्हणून दाजींनी उसाला घाबरून खांदे डावीकडं वळवले, म्हणून पाथ डावीकडं, म्हणून फेस आणि पाथमधला फरक अजून वाढला, म्हणून बॉल अजून उसात. जितकं डावीकडं बघून मारायचं तितका बाक मोठा. खांदे डावीकडं असतात हे त्यांना मान्य नव्हतं, पण तुटलेल्या उसाच्या सऱ्या समोर होत्या, नारळाच्या झाडाकडं सरळ जाणाऱ्या. त्यांना नेहमीसारखं उभं केलं, एक अल्युमिनियमची पट्टी छातीवर खांद्यांना लावून धरली, मोबाइलवर फोटो काढला. पाय सरीला समांतर आणि पट्टी विहिरीकडं. फोटो बघून दाजी बराच वेळ गप्प होते.

दुरुस्ती फक्त एक सांगितली, पकड. क्लब डाव्या हाताच्या बोटांच्या मुळाशी, करंगळीच्या मुळापासून तर्जनीच्या मधल्या पेरापर्यंत तिरका, मग मूठ मिटायची, वरनं बघितलं की अडीच ते तीन गाठी दिसल्या पाहिजेत. उजव्या हाताच्या तळव्यातल्या खोलगट रेषेनं डावा अंगठा झाकायचा, दोन्ही V उजव्या खांद्याकडं. आणि पकडीत जोर कमी, कारण मनगट आवळलं की ते वळत नाही. दाजी म्हणाले, "दुसऱ्याचाच हात लावल्यासारखं वाटतंय." वाटणारच. मी सांगितलं, दहा दिवस बॉलच मारू नका, टीव्ही बघताना क्लब हातात घ्या, सोडा, परत घ्या. ताई म्हणाली रोज रात्री जेवण झाल्यावर सोफ्यावर हेच चाललं होतं.

त्यानंतर गच्चीवर जाळी. राजारामपुरीतल्या त्यांच्या घराच्या गच्चीत क्रिकेटची जाळी दुहेरी करून बांधली, पहिले काही दिवस स्पंजचा बॉल, नंतर खरा. जाळीत बॉल वळलेला दिसत नाही म्हणून लोक जाळीला नावं ठेवतात, मला मात्र तीच सोय वाटते. तीन मीटरवर बॉल अजून वळायला लागलेला नसतो, म्हणजे जाळीवर जिथं लागला ती त्याची निघायची दिशा, म्हणजे जवळजवळ फेसच. जाळीमागं जुनी चादर टांगली, मधोमध उभी रेघ, आणि हिशोब सोपा: तीन मीटरवर १६ सेंटिमीटर इकडंतिकडं म्हणजे साधारण ३ अंश. हे कळल्यावर दाजींचा चेहरा बदलला. आता त्यांच्या हातात माप होतं! दुसऱ्या दिवशी बॉल व्हर्नियरमध्ये धरून ४२.७ मिलिमीटर आला म्हणून खूश (नियमात ४२.६७ पेक्षा कमी चालत नाही), रेघेच्या दोन्ही बाजूंना सेंटिमीटरच्या खुणा केल्या, रोज ३० बॉल आणि रोजची नोंद. जो माणूस दिवसभर शॉपमध्ये रिजेक्शन का आलं ते शोधतो त्याला "जरा सैल सोडा" असलं सांगून उपयोग नाही, त्याला आकडा द्यावा लागतो.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात परत रानात गेलो. पहिलाच बॉल डावीकडं निघाला आणि डावीकडंच गेला, थेट गोठ्याच्या पत्र्यावर, म्हैस दावं तोडायला निघाली. दुसरा विहिरीच्या कठड्याला. दाजी वैतागले, "हे काय नवीनच!" मी मात्र मनापासून खूश होतो, आणि हे ज्यांचा स्लाइस आहे त्यांनी नीट लक्षात घ्यावं, पकड बदलल्यावर बॉल डावीकडं जायलाच पाहिजे. फेस मिटायला लागला, पाथ अजून जुनाच डावीकडचा, दोन्ही जुळले म्हणून बॉल सरळ डावीकडं. बाक गेला होता. आता जे दिसत होतं तो निव्वळ पाथ होता, आणि मुख्य म्हणजे बॉल आपोआप उजवीकडं जायचा बंद झाल्यावर उसाची भीती गेली, भीती गेली की डावीकडं ओढायचं कारणच उरत नाही. गुरांपासून लांब म्हणून आम्ही पायपुसणं बांधाच्या बाजूला सरकवलं आणि पाथला हात घातला.

पाथसाठी फार काही नाही केलं. बॉलच्या पलीकडच्या अंगाला आणि किंचित मागं थर्माकोलचा एक तुकडा ठेवला, क्लब वरनं-बाहेरनं आला की तुकडा उडतो, आतनं आला की राहतो. ७ नंबर, अर्धा स्विंग, कमरेपासून कमरेपर्यंत. पहिल्या दिवशी थर्माकोलचा भुगा. उजवा पाय एक वीत मागं घेऊन मारायला लावलं, त्यानं खांदे लवकर उघडत नाहीत, तेव्हा तुकडा राहायला लागला. आणि खाली येताना सुरुवात खांद्यानं नाही, डाव्या पायावर वजन टाकून. सरीच्या रेषेत खांदे आहेत का ते रोज पट्टीनं बघायचं. बॉलची जागाही चुकली होती, ड्रायव्हरला बॉल डाव्या टाचेच्या आतल्या बाजूला पाहिजे, दाजींचा डाव्या अंगठ्याच्याही पुढं असायचा, तिथं पोचायला खांदे आपोआप उघडतात.

एवढं होऊन फेब्रुवारीत एक गोष्ट अडली. आयर्न सरळ, ड्रायव्हरचे मात्र मधूनच काही बॉल अजून उजवीकडं वळायचे, आणि जाळीवरच्या नोंदी तर चांगल्या होत्या. दाजींनी शॉपमधनं मॅचिंगचा ब्ल्यू (दोन भाग कुठं टेकतात ते दाखवणारा निळा रंग) आणला, फेसवर लावून ठसा बघू म्हणाले, पण ते तेलकट, घर्षणच बदलतं, म्हणून मी नको म्हटलं. व्हाइटबोर्डच्या मार्करनं बॉलवर जाड ठिपका काढला आणि ठिपका फेसकडं करून ठेवला. दहा बॉलनंतर फेसवर बघितलं तर सहा ठसे हीलच्या बाजूला, म्हणजे दांड्याच्या जवळ. ड्रायव्हरचं डोकं मोठं आणि त्याचं वजन मागं असतं, त्यामुळं हीलला लागला की डोकं हिसका खाऊन वळतं आणि गियरसारखं बॉलला उलटं फिरवतं, बॉल उजवीकडं वळतो, फेस-पाथ कितीही चांगले असू देत. आयर्नला हे जवळपास होत नाही. "गियर" शब्द काढल्यावर दाजींना पुढचं सांगावंच लागलं नाही. ते बॉलपासून दोन बोटं लांब उभे राहिले, ठसे मधे आले.

ड्रायव्हर बदलला तो सगळ्यात शेवटी, ओळखीच्याकडनं १०.५ अंशांचा घेऊन बघितला, लॉफ्ट वाढल्यानं उरलासुरला बाक अजून कमी झाला आणि लांबी काही घटली नाही. स्लाइससाठीचे खास ड्रायव्हर मिळतात, हीलकडं वजन दिलेले. घ्या की, पण पकड बदलायच्या आधी पैसे घालू नका, भोक पडलेला ग्लोव्ह नव्या ड्रायव्हरवरही तोच राहतो.

फेब्रुवारीच्या शेवटी पुण्याला गेलो, मी बरोबर होतो. पहिल्या टीवर, म्हणजे होलचा पहिला फटका मारायच्या जागेवर, मागं चार अनोळखी माणसं उभी, आणि दाजींच्या डाव्या हाताच्या गाठी मी लांबनं मोजल्या: एक. जुनी पकड. बॉल उजवीकडं कुंपणाबाहेर. तिथं पेनल्टीचा एक स्ट्रोक आणि परत तिथनंच मारायचं, दोन्हीकडनं मार. मी काही बोललो नाही. दुसऱ्या टीवर त्यांनी क्लब टेकवला, उचलला, मूठ उघडली, परत बांधली, खाली बघून तोंडातल्या तोंडात मोजलं. त्या दिवशी १८ होलमध्ये दोन बॉल बाहेर गेले, डिसेंबरात सात गेले होते. दोन डावीकडं झाडांत गेले, ते अजून चाललंय, थकल्यावर हात लवकर मिटतात.

मार्चमध्ये तात्यांच्या उसाला तोड आली. तिसऱ्या दिवशी टोळीतल्या एक मावशी खताची पिशवी घेऊन बांधावर आल्या, आत बॉल. दाजींची एक सवय सांगायची राहिली, शॉपमध्ये बॅचला खूण करतात तशी ते बॉलला महिन्याची खूण करतात, डिसेंबरपर्यंत लाल ठिपका, जानेवारीचा निळा, नंतरचा हिरवा. बांधावर बसून रंग वेगळे केले. लाल २९, निळे ८, हिरवे ३. दाजींनी मावशींना चहा दिला आणि विचारलं, हे हिरवे कुठं सापडले ओ? त्या म्हणाल्या, "लाल सगळं पार आत हुतं, मधल्या पाटापतुर. हे तीन हितंच की, बांधाच्या पयल्या सरीत." दाजींनी वही काढली आणि त्या तिघांपुढं "पहिली सरी" असं लिहून घेतलं.